वखवख वेगळी, चव वेगळी: तळलेल्या-तुपकट खाण्याची ओढ मेंदूत कशी तयार होते आणि बारा आठवड्यांत ती कशी उतरवायची

स्टेशनचा जिना उतरताना शेवटच्या पाच-सहा पायऱ्यांवर वडे तळल्याचा वास येतो. कढई अजून दिसलेलीही नसते, तरी तोंडाला पाणी सुटतं, पाय डावीकडे वळतात आणि हात पर्समधले सुटे पैसे चाचपू लागतो. बरीच वर्षं मी याला भूक समजत होते. दुपारचा डबा व्यवस्थित झालेला, चारला चहा झालेला, आणि तरी ही भूक रोज त्याच पायरीवर लागायची. सुट्टीच्या दिवशी घरी असले की सव्वासहा वाजून जायचे आणि मला पत्ताही लागायचा नाही.

आता आहारसल्ल्याचं काम करताना समोर बसलेली माणसं मला हेच सांगतात, फक्त पायरी वेगळी असते. कुणाची ऑफिसमधली फरसाणाची बरणी, कुणाची रात्री साडेदहाची मालिका. आणि जवळजवळ प्रत्येकजण शेवटी खाली मान घालून म्हणतो, 'माझा जिभेवर ताबाच नाही.' हे वाक्य मला फार सलतं, कारण ते चुकीचं आहे. इथे जीभ दुय्यम आहे, आणि हा प्रश्न चारित्र्याचा तर मुळीच नाही.

मराठीत भुकेशेजारी आणखी शब्द आहेत: वखवख, खाखा, चटक. आणि चव, गोडी, तृप्ती हे शब्द त्यांच्यापासून अगदी वेगळे. मेंदूतही हे वेगवेगळेच आहे. वखवख एका रसायनावर चालते, चव दुसऱ्यावर. तेलकट कमी करायचं ठरवलं की बहुतेक लोक चवीवर घाव घालतात: उकडलेलं, अळणी, बिनफोडणीचं खाऊ लागतात. वखवख मात्र जागच्या जागी असते, आणि तिसऱ्या आठवड्यात ती सगळं परत वसूल करते. मी उलटं करायला सांगते. चव राहू द्या, ओढ उतरवा.

आधी समजून घ्या: डोक्यात काय चालतं

हा भाग वगळून थेट पायऱ्यांवर जाऊ नका. का करायचं हे कळलं नाही तर पायऱ्या टिकत नाहीत.

१९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा सूक्ष्म झटका मिळायचा. उंदीर ती दांडी पुनःपुन्हा दाबत राहिले. लोकांना वाटलं, मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं. पुढे त्या वाटेवरचं मुख्य रसायन डोपामाइन आहे असं दिसलं आणि 'डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन' हे समीकरण रूढ झालं. आजही मोबाइलवरच्या निम्म्या व्हिडिओंमध्ये तेच ऐकू येतं.

हे समीकरण मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी मोडलं. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवून टाकलं. ते उंदीर समोर अन्न असूनही त्याकडे वळेनात; उपाशी मेले असते. पण जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब टाकला की पूर्वीसारखेच मिटक्या मारायचे. गोडी शाबूत होती, ती मिळवायची धडपड गेली होती. म्हणजे डोपामाइनचं मुख्य काम धावायला लावणं. आनंद कुठून तरी दुसरीकडून येतो.

स्टेशनच्या पायरीचं कोडं केंब्रिजच्या वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून सुटतं. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की त्याच्या डोपामाइन पेशी जोरात पेटायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. थोड्याच सरावानंतर पेशी दिव्यालाच पेटू लागल्या, रस आला तेव्हा शांत. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा वेग नेहमीपेक्षा खाली घसरायचा. तो खड्डा म्हणजे आपली चिडचिड, 'काहीतरी राहिलं'सं वाटणं. माझ्यासाठी वास हा दिवा होता, वडा हा रस. तोंडात घास जाण्याआधीच डोपामाइनचं काम उरकलेलं असायचं.

मग आनंद कुठला? त्यात मोठा वाटा मेंदू स्वतः बनवतो त्या अफूसदृश रसायनांचा: एन्केफॅलिन, एन्डॉर्फिन. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अ‍ॅन केली यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की उंदराच्या मेंदूतल्या एका छोट्याशा भागात या जातीचं रसायन सोडलं तर पोट भरलेला उंदीरही पुन्हा खायला लागतो, आणि त्यातही त्याचा कल स्निग्ध पदार्थांकडे जातो. २०१२ मध्ये बेरिज यांच्याच गटाने मेंदूच्या शेजारच्या भागात एन्केफॅलिनसारखं रसायन सोडलं, तेव्हा उंदरांनी चॉकलेटच्या गोळ्या नेहमीच्या दुपटीहून जास्त फस्त केल्या.

तिसरं रसायन आपल्या जवळचं आहे, निदान नावाने. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशूलाम यांच्या प्रयोगशाळेत मेंदूने स्वतः बनवलेला, गांजातल्या द्रव्यासारखं काम करणारा एक पदार्थ सापडला. त्याला नाव दिलं अ‍ॅनॅन्डामाइड, थेट संस्कृतातल्या 'आनंद' या शब्दावरून. गांजा ओढल्यावर खाखा सुटते ती ज्या दारातून, त्याच दारावर हा पदार्थही टकटक करतो. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांना असं पाजलं की द्रव तोंडात जाईल पण पोटात न टिकता बाहेर येईल. साखर आणि प्रथिनांनी फारसं काही झालं नाही. स्निग्ध द्रवाची चव जिभेला लागताच मात्र आतड्याच्या वरच्या भागात याच जातीची द्रव्यं तयार होऊ लागली. त्यांचं काम अडवलं की उंदरांचं स्निग्ध पिणं बरंच कमी झालं. एक चकली 'फक्त चव बघायला' तोंडात टाकल्यावर डबा हातात येतो, त्यामागे अशीच काही साखळी असावी असं मला वाटतं.

शेवटची तार पोटातून वर जाते. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स झुकर यांच्या गटाने उंदरांपुढे दोन बाटल्या ठेवल्या, एकीत कृत्रिम गोडी घातलेलं पाणी, दुसरीत स्निग्ध पदार्थ मिसळलेलं. सुरुवातीला फरक नव्हता. दोनेक दिवसांत उंदीर स्निग्ध बाटलीकडेच जाऊ लागले, आणि चव ओळखण्याची क्षमता काढून घेतलेले उंदीरसुद्धा गेले. आतडं स्निग्धांश ओळखतं आणि व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूने मेंदूला कळवतं: हे चांगलं आहे, आणखी आण. याला कारणही आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात ९ कॅलरी, एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत ४. ज्या जगात पुढच्या जेवणाची खात्री नव्हती तिथे ही तार जीव वाचवत होती.

एक गोष्ट ठासून सांगते. यातलं बरंचसं काम उंदरांवरचं आहे. 'वडापाव म्हणजे कोकेन' ही भाषा वापरू नका. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने ५० माणसांना स्निग्ध-गोड मिल्कशेक देऊन मेंदूतलं डोपामाइन मोजलं, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. माणसामाणसांत प्रचंड फरक होता आणि सरासरी वाढ व्यसनी पदार्थांच्या तुलनेत अगदीच किरकोळ. पण मिल्कशेक हातात देऊन मोजणं वेगळं आणि रोज त्याच वेळी त्याच वासातून जाणं वेगळं. माझा सगळा भर या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

पहिली पायरी: आठ दिवस फक्त वही

काहीही सोडू नका. जे खाता ते खा. शंभर पानी साधी वही घ्या आणि तळलेलं, लोण्या-तुपाचं, चीजचं, फरसाणाचं काहीही खाताना पाच गोष्टी लिहा: वेळ, जागा, त्याआधी पाच मिनिटं काय चाललं होतं, ओढ किती (० ते १०), आणि चव किती (० ते १०).

ओढीचा आकडा पहिल्या घासाच्या आधी लिहायचा. चवीचा दोनदा: पहिल्या घासाला आणि पाचव्या घासाला. हे दोन रकाने या लेखाचा गाभा आहेत, म्हणून टाळू नका.

माझ्या वहीतली एक जुनी ओळ अशी: 'सोमवार, ६.२०, स्टेशन, लोकलमध्ये उभी होते. ओढ ९. पहिला घास ८, पाचवा ५.' त्याखाली गुरुवार: 'ओढ ९. वडा गार, पाव वातड. पहिला घास ४, पाचवा ३. तरी संपवला.' गुरुवारची ती ओळ मी बराच वेळ बघत बसले होते. चव ४ होती, पण ओढ एका अंकानेही कमी झाली नव्हती, आणि शुक्रवारीही ती ९च निघाली. वाईट वडा खाऊन ओढ शिकत नाही. तिला वास पुरतो.

आठ दिवसांनी वहीत दोन जातीच्या नोंदी सापडतील. काहींत ओढ आणि चव दोन्ही जास्त: सणाची पुरणपोळी, आईच्या हातची कोथिंबीर वडी. त्यांना हात लावू नका. काहींत ओढ ८-९ आणि चव ४-५. आपलं काम या दुसऱ्या नोंदींवर आहे. त्यातल्या सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या दोन निवडा, दोनच.

दुसरी पायरी: दिवा विझवा

ओढ खुणेवर पेटते, म्हणून खूण हलवायची. मनाशी झगडणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे, कारण तुम्ही झगडायला उभे राहता तोवर डोपामाइन सुटलेलं असतं.

मी स्टेशनच्या दुसऱ्या टोकाच्या पुलावरून उतरू लागले. चालणं चार मिनिटांनी वाढलं. पहिले तीन दिवस घरी पोचल्यावर चिडचिड झाली. शुल्ट्झ यांच्या माकडांचा तो खड्डा. साधारण दहाव्या दिवशी लक्षात आलं की आज वड्याची आठवणच आली नाही.

घरात हेच असं करा. फरसाण, शेव, वेफर्स पारदर्शक बरणीतून काढून स्टीलच्या डब्यात भरा आणि डबा वरच्या फळीवर, हात सहज पोचणार नाही तिथे ठेवा. डब्याच्या जागी शेंगा किंवा केळी ठेवा. मालिका बघताना हातात वाटी यायची सवय असेल तर तासाभरासाठी बसायची जागा बदला. जागासुद्धा दिवा असते. घरपोच खाणं पोचवणाऱ्या अ‍ॅपच्या सूचना आजच बंद करा. संध्याकाळी साडेसहाला फोन वाजतो आणि पडद्यावर बटर चिकनचं चित्र येतं, ते योगायोगाने येत नाही.

तिसरी पायरी: आधीच ठरवा, दारात उभं राहून नको

शुल्ट्झ यांच्याच गटाचं २००३ मधलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. दिवा लागल्यावर रस येण्याची शक्यता त्यांनी कमी-जास्त केली. दिवा आणि रस यांच्या मधल्या वेळात डोपामाइन पेशी सगळ्यात जास्त तगमगल्या, त्या निम्म्यानिम्म्या शक्यतेला. येईल की नाही येणार, हे अगदी अधांतरी असतं तेव्हा.

आता रोजचा प्रसंग आठवा. गाडीपाशी उभं राहून आपण म्हणतो, 'आज खाऊ का? नको. बरं, आज खाते, उद्या नाही.' कधी खातो, कधी नाही. स्वतःच्या मेंदूला आपण नेमकं निम्म्यानिम्म्याचं आमिष दाखवत असतो. हा माणसांवरचा थेट पुरावा नाही, माझा अर्थ आहे. पण वह्यांमध्ये मला हे सतत दिसतं. 'कमी करायचंय' म्हणणाऱ्यांची ओढ 'शनिवारीच' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त राहते.

म्हणून वार ठरवा. शनिवारी वडा, बाकी सहा दिवस प्रश्नच नाही. 'रोज थोडंसं' यापेक्षा हे बरं, असं मानायला आणखी एक कारण आहे. जर्मनीत कलोनच्या माक्स प्लांक संस्थेत काही निरोगी माणसांना आठ आठवडे नेहमीच्या जेवणाशिवाय रोज एक छोटा कप स्निग्ध-गोड पुडिंग दिलं, दुसऱ्या गटाला तेवढ्याच कॅलरीचं कमी स्निग्धांशाचं. २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या गटाचा मेंदू स्निग्ध-गोड चवीला जास्त जोरात प्रतिसाद देऊ लागला आणि कमी स्निग्धांशाचे पदार्थ त्यांना पूर्वीपेक्षा कमी आवडू लागले. वजनात म्हणावा असा फरक नव्हता. काटा हलला नाही, आवड हलली. 'माझं वजन वाढत नाही, मग रोज दोन शंकरपाळ्या खाल्ल्या तर काय झालं' याला माझं उत्तर हे आहे.

चौथी पायरी: साडेचारचं खाणं

ही पायरी छोटी आहे, पण ती चुकली तर बाकी सगळी डळमळतात. रिकाम्या पोटातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक निघतं आणि ते डोपामाइनच्या पेशींवर थेट काम करतं. म्हणजे भूक लागलेली असताना तोच वास जास्त ओढतो. घरी निघण्याच्या तासभर आधी काहीतरी प्रथिनांचं खा: मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, एक-दोन उकडलेली अंडी, मूठभर भाजलेले चणे आणि ताक. चहा-बिस्कीट या कामाचं नाही. बिस्कीट म्हणजे मैदा, साखर आणि तूप-तेल, पुढच्या पायरीतली जोडगोळीच.

पाचवी पायरी: पीठ आणि तेल यांची जोडी ओळखा

नुसतं तूप कुणी वाटीने खात नाही. नुसता उकडलेला बटाटाही चारच्या पुढे जात नाही. पण बटाटा, त्याला बेसनाचं आवरण, ते तेलात, आणि भोवती पाव? अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या आणि जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात लोकांना वेगवेगळ्या खाऊंसाठी पैशांची बोली लावायला सांगितली. काही खाऊ मुख्यतः स्निग्ध, काही मुख्यतः पिष्टमय, काही दोन्ही मिळून, कॅलरी सारख्या. मिश्र खाऊला लोकांनी जास्त पैसे लावले, आणि मेंदूच्या बक्षिसाच्या भागातला प्रतिसाद दोन्हींच्या बेरजेपेक्षाही मोठा होता. निसर्गात ही जोडी क्वचित भेटते, आईचं दूध हा मोठा अपवाद. आपल्या फरसाणाच्या दुकानात मात्र क्वचितच एखादा पदार्थ या जोडीबाहेरचा असतो.

म्हणून जोडी फोडा. शेंगदाणे खायचे तर भाजून, नुसते, सालासकट. शेवेत मिसळून नको. भेळ करायची तर कुरमुरे, कांदा, कैरी, चिंचेचं पाणी भरपूर आणि शेव वरून चिमूटभर. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी पोळीला तेल लावू नका.

वरण-भातावरच्या तुपाचं काय, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तीही जोडीच आहे, पण एक छोटा चमचा तूप म्हणजे साधारण ५ ग्रॅम, ४५ कॅलरी. मोजून घाला आणि मनापासून खा. माझ्या मते आपल्या ताटातली ती सगळ्यात प्रामाणिक स्निग्धता आहे: दिसते, मोजता येते. जिचा पत्ता लागत नाही ती सांभाळायची, खारीतली, नानकटाईतली, चकलीच्या भाजणीत घातलेल्या कडकडीत मोहनातली.

सहावी पायरी: बारा आठवड्यांत तेल उतरवणं

जिभेची सवय बदलते, पण तिला वेळ लागतो. रिचर्ड मॅट्स यांनी १९९३ मध्ये छापलेल्या अभ्यासात काही लोक बारा आठवडे कमी स्निग्धांशाचा आहार घेत होते. एका गटाने स्निग्ध चव देणारे नकली पर्यायही टाळले, दुसऱ्याने ते वापरले. स्निग्ध चवीची आवड उतरली ती पहिल्या गटाची. कॅलरी कमी होऊनही जिभेला तीच चव मिळत राहिली, तर आवड तशीच राहते. एअर फ्रायरबद्दल माझं मत यावरूनच बनलं आहे: तेल वाचतं हे खरं, पण रोज त्यात फ्रेंच फ्राइज केले तर कुरकुरीतपणाची चटक जाणार नाही. शनिवारसाठी वापरा.

प्रत्यक्ष करायचं ते असं. तेलाच्या नव्या बाटलीवर किंवा पिशवीवर पेनाने उघडल्याची तारीख लिहा. महिनाभर मोजा. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर लागत असेल, तर माणशी दिवसाला साधारण ३० ग्रॅम झालं, म्हणजे सुमारे २७० कॅलरी, आणि यात बाहेरचं खाणं धरलेलं नाही. पुढच्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं उतरवा, साधारण दहावा हिस्सा. एकदम निम्मं केलंत तर घरातली माणसं पहिल्याच आमटीला ओळखतील.

आणि फोडणीची जागा बदला. मी स्वयंपाकघरात केलेला सगळ्यात उपयोगी बदल हाच. पूर्वी पातेल्यात तळाशी चार चमचे तेल, त्यात मोहरी, मग कांदा, मग भाजी. ते तेल कांद्यात आणि भाजीत मुरून जातं, जिभेला लागतच नाही. आता भाजी किंवा आमटी आधी पाण्यावर, झाकणावर पाणी ठेवून शिजवून घेते. शेवटी लोखंडी फोडणीच्या पळीत दोन छोटे चमचे तेल. तेल नीट तापू द्यायचं. मोहरीचा एक दाणा टाकून बघायचा, लगेच उडाला की बाकीची मोहरी, ती तडतडून शांत होत आली की जिरं, मग हिंग, गॅस बंद, कढीपत्ता, सगळ्यात शेवटी हळद, म्हणजे ती करपत नाही. पळी तशीच आमटीवर उलटायची आणि चर्र आवाज संपायच्या आत झाकण ठेवायचं. दोन मिनिटांनी झाकण काढलं की वास तोंडावर येतो. हिंग-मोहरी-कढीपत्त्याचा सुगंध तेलात चांगला उतरतो आणि ते तेल वर तरंगत असतं, म्हणून पहिल्याच घासाला नाकापर्यंत पोचतं. तेल निम्मं, चव शाबूत.

मिसळ घरी केली तर कट वेगळ्या भांड्यात ठेवा. स्थिर झाला की तर्री वर येते. ती डावाने अलगद बाजूला काढा आणि ताटात हवी तेवढी, चमच्याने, वरून घ्या.

सातवी पायरी: झोप

शिकागो विद्यापीठात १४ निरोगी तरुणांना चार रात्री साधारण साडेचार तास झोपू दिलं, आणि दुसऱ्या वेळी साडेआठ तास. २०१६ मध्ये छापलेल्या या कामात दिसलं की अपुऱ्या झोपेनंतर रक्तातलं गांजासदृश द्रव्य, अ‍ॅनॅन्डामाइडचं भावंड, जास्त वाढायचं आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत चढलेलंच राहायचं. भरपेट जेवण होऊन दोन तास झाले तरी त्यांना खाऊचा मोह आवरेना, आणि त्या खाऊतला स्निग्धांश जवळपास दुप्पट होता.

पहाटे पाचची लोकल पकडणाऱ्या माणसाला 'आठ तास झोपा' सांगणं सोपं आहे. मी एवढंच सांगते: आठवड्यातल्या ज्या दिवशी झोप कमी झाली त्या दिवशी वहीत खूण करा, आणि त्या दिवशी कोणताही निर्णय दुकानासमोर घेऊ नका. घरी काय खायचं ते सकाळीच ठरवून निघा.

आठवी पायरी: शनिवारचा वडा नीट खा

ठरलेल्या दिवशी अपराधी वाटून, उभ्या उभ्या, फोन बघत खाल्लं तर वार ठरवून काही उपयोग झाला नाही. गरम घ्या, चांगल्या ठिकाणचा घ्या, बसा. पहिले तीन घास हळू. वरचा कुरकुरीत भाग, आतला आल्या-लसणाचा वास, लसणाच्या सुक्या चटणीचा झटका, मिठात घोळलेली तळलेली मिरची. एकच पदार्थ खात गेलं की त्याची गोडी घासागणिक उतरते, हे तुमच्याच वहीत ८ आणि ५ असं लिहिलेलं असेल. पाचव्या घासाशी थांबून विचारा, आता चव किती? पाचच्या खाली असेल तर उरलेला अर्धा सोबतच्या माणसाला द्या. दुसरा वडा मागवायचा असेल तर दहा मिनिटं थांबून.

मुलांच्या बाबतीत

'भाजी संपवलीस तर चिप्स मिळतील' हे वाक्य घरातून हद्दपार करा. अमेरिकेतल्या लीॲन बर्च यांनी १९८० च्या सुमारास दाखवलं होतं की खाऊ बक्षीस म्हणून दिला की त्या खाऊची आवड मुलांमध्ये वाढते. पुढे त्यांच्याच कामात असंही दिसलं की डोळ्यांसमोर ठेवून मनाई केलेल्या खाऊकडे मुलं जास्त ओढली जातात. घरात न आणणं किंवा ठरल्या दिवशी सगळ्यांनी मिळून खाणं, हे दोनच मार्ग मला पटतात.

कधी डॉक्टरांकडे जायचं

पोट दुखेपर्यंत, लपून, थांबता न येता खाल्लं जात असेल आणि हे आठवड्यातून एकदा तरी, महिनोन्‌महिने होत असेल, तर तो अतिभक्षणाचा विकार असू शकतो. त्याला उपचार आहेत. या लेखातल्या पायऱ्या त्यासाठी पुरेशा नाहीत, आणि वहीतले आकडे काहींचा त्रास वाढवू शकतात. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, लाज बाळगू नका.

औषधांकडेही बघा. ओलान्झापिनसारख्या काही मानसोपचाराच्या गोळ्यांनी भूक वाढते. पार्किन्सनसाठी दिल्या जाणाऱ्या, डोपामाइनची नक्कल करणाऱ्या प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी काहींना अनावर खाखा सुटते. घरातल्या आजोबांनी अचानक रात्री उठून डबे उघडायला सुरुवात केली असेल तर त्यांना ओरडू नका, त्यांच्या डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करायची नाही.

'डोपामाइन वाढवणारी' चूर्णं आणि कॅप्सूल घेऊ नका. तोंडावाटे घेतलेलं डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरतच नाही. खाजकुइरीच्या बियांत असलेलं लेव्होडोपा शिरतं, पण ते पार्किन्सनचं औषध आहे, खाऊ नव्हे. आनंदाचं रसायन बंद करून वजन उतरवण्याचाही प्रयत्न झाला आहे: अ‍ॅनॅन्डामाइड ज्या दारावर टकटक करतं ते दार बंद करणारी रिमोनाबॅन्ट ही गोळी २००६ मध्ये युरोपात आली. लोकांची भूक उतरली, पण काहींना नैराश्याने घेरलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले, आणि २००८ मध्ये ती बाजारातून काढावी लागली. २०२५ पासून भारतात वजनासाठी मिळू लागलेली सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं वेगळ्या वाटेने काम करतात. ती घेणारे बरेच लोक 'डोक्यातली खाण्याची कटकट थांबली' असं सांगतात. ती कुणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतील.

बाराव्या आठवड्यात

पहिल्या आठवड्यातली वही काढा आणि त्याच दोन नोंदींसाठी पुन्हा आठ दिवस तेच पाच रकाने भरा. मुद्दाम जुन्या जिन्याने एकदा उतरा. माझ्या वहीत त्या दिवशी लिहिलंय: 'बुधवार, ६.१५, जुना जिना. वास आला. ओढ ४. घेतला नाही.' आणि त्याच आठवड्याच्या शनिवारी, नवऱ्याबरोबर, गाडीपाशी लाकडी बाकावर बसून: 'ओढ ६. पहिला घास ९.'

तुमच्या वहीत ओढीचा आकडा खाली आला नसेल तर दुसऱ्या आणि चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांमध्ये चुकलेलं होतं ते साडेचारचं खाणं.